नेम, नळी आणि सहाची गोळी : सोलापुरातल्या एका वारकरी घराचे प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ६१. उभे आयुष्य यंत्रमागावर गेले, शेवटची काही वर्षे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, म्हणून. घर सोलापूरच्या पूर्व भागात, दोन खोल्यांचे. पत्नी घरी विड्या वळते. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, सून घरात, नात चौथीत, मुलगी बार्शीला दिलेली. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा नेम, आषाढीला सोलापूर ते पंढरपूर सुमारे ७० किलोमीटरची पायी वारी. तंबाखू-चुन्याची सवय तिशीच्या आधीपासून. उजव्या गालाच्या आतून सुरू झालेला कर्करोग, शस्त्रक्रिया आणि शेक (किरणोपचार) दोन्ही झालेले. आठ महिन्यांत आजार जबड्यात आणि मानेच्या गाठींत परतला. पुन्हा शस्त्रक्रिया शक्य नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. गोळ्यांची केमो तोंड सोलून निघाल्यामुळे थांबवावी लागली.

घरी जाऊन उपशामक सेवा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, देणाऱ्या पथकांपुढे सोलापूर भागात जी परिस्थिती वारंवार येते, ती इथे एका घराच्या रूपात जुळवून मांडली आहे. औषधांच्या मात्रा या प्रकरणापुरत्या आहेत. दुसऱ्या कुणी त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. घरातले सगळे रुग्णाला अण्णा म्हणत, इथेही तसेच म्हटले आहे.

पहिल्या भेटीत काय दिसले

फाल्गुन शुद्ध द्वादशी. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. तोंड जेमतेम एक बोट उघडत होते, नाकातून जेवणाची नळी. गालावर जखम उघडी पडलेली आणि तिचा वास पुढच्या खोलीपर्यंत. बोलणे कळत नव्हते म्हणून नातीची पाटी उशाशी ठेवलेली. वेदना दहापैकी किती, असे विचारल्यावर त्यांनी आठ बोटे दाखवली.

आदल्या दिवशी एकादशी होती. अण्णांनी नळीतून काहीही घेतले नव्हते, ना पाणी, ना औषध. निर्जळी केली होती. मॉर्फिन सुरू होऊन पाच दिवस झाले होते आणि वेदना कुठे आटोक्यात येत होती. सलग पाच-सहा वेळा गोळी चुकली की रक्तातले औषध उतरते, वेदना पूर्ण जोराने परत येते आणि तिला पुन्हा खाली आणायला दीड-दोन दिवस लागतात. इथे तेच झाले होते. घरात मात्र त्याचा अर्थ वेगळा लागला होता. पत्नीला वाटले, आजार एका रात्रीत वाढला. मुलाला वाटले, गोळ्यांचा उपयोग नाही. अण्णांनी पाटीवर लिहिले, ‘नेम पण गेला, ताकद पण गेली.’

पुढच्या साडेचार महिन्यांचे काम या एका ओळीभोवती फिरले. श्रद्धा टिकवायची तर आधी वेदना उतरली पाहिजे. आठ बोटांच्या वेदनेत माणसाला ना देव आठवतो, ना आजचा दिवस दिसतो. त्याला फक्त पुढचा क्षण टळावा असे वाटते. अशा माणसाला ‘नामस्मरण करा, मन शांत होईल’ हे सांगणे क्रूर आहे, सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

घड्याळ आधी, उपदेश नंतर

मॉर्फिनची साधी गोळी सुमारे चार तास पुरते. म्हणून वेळा बांधल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला उठावे लागत नाही. पुन्हा सुरुवात ५ मिलिग्रॅमने, तीन दिवसांत १० वर. दिवसाला चार वेळा १० आणि रात्री २०, एकूण ६० मिलिग्रॅम. मध्येच कळ आली तर जादा मात्रा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्शाची, म्हणजे इथे १०. जादा मात्रा किती वेळा लागली हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुनेने टिंबे काढून नोंदवायचे. दिवसाला तीनपेक्षा जास्त टिंबे पडू लागली की फोन करायचा, मग नेहमीची मात्राच वाढवली जाई.

गोळी चुरून १० ते १५ मिली पाण्यात विरघळवून नळीतून द्यायची, मागून ३० मिली पाणी. मॉर्फिनची हळूहळू सुटणारी गोळी मात्र कधीही चुरू नये, बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते. बद्धकोष्ठाचे औषध पहिल्याच दिवसापासून. मॉर्फिनची गुंगी तीन-चार दिवसांत सवयीची होते, मळमळ आठवड्यात जाते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही. नेहमीची बिसाकोडिलची गोळी आवरण असलेली, ती चुरता येत नाही, म्हणून नळीसाठी सोडियम पिकोसल्फेटचे पातळ औषध, रात्री १० मिली.

अण्णांना व्यसनाची भीती नव्हती. ती मुलाला होती. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही, हे त्याला दोनदा सांगावे लागले. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना हे औषध ठेवणे सोपे झाले आहे. तरी ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि संपायच्या आदल्या दिवशी जाग येऊन चालत नाही. चार दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच निघायचे, असे ठरले.

अण्णांची भीती वेगळी होती. पाटीवर: ‘नाम घेताना शुद्ध राहील ना?’ हा प्रश्न वारकरी घरांत हमखास येतो आणि फार थोडे डॉक्टर तो ऐकून घेतात. उत्तर असे दिले: पहिले तीन दिवस डोळा लागेल, त्या दिवसांत नाम दुसऱ्याने घ्यावे आणि तुम्ही ऐकावे. चौथ्या दिवशी आपण पुन्हा बोलू. चौथ्या दिवशी ते जागे होते. वेदना तीन बोटे.

मग घड्याळाचा दुसरा उपयोग सुरू झाला. गोळीचा गुण अर्ध्या-पाऊण तासात येतो आणि तासाभराने चांगला जाणवतो. म्हणजे सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी सात ते आठ हे अण्णांचे दिवसातले सगळ्यांत मोकळे दोन तास. आजवर हे तास जखम धुण्यात आणि भेटायला येणाऱ्यांत जात होते. जखमेची वेळ दुपारी साडेअकराला नेली, त्याआधी अर्धा तास जादा मात्रा. सकाळचा तास नामाचा. संध्याकाळचा तास आधी हरिपाठाचा आणि उरलेला नातीचा. ‘वर्तमानात जगा’ असे सांगितले जाते, पण आजारी माणसाचे वर्तमान दिवसाचे चोवीस तास नसते. ते दोन-तीन तासांचे असते, ते कुठे आहेत हे शोधावे लागते आणि मग त्यांवर पहारा ठेवावा लागतो.

एकादशी नळीतून

पुढची एकादशी तेरा दिवसांवर होती. सून म्हणाली, ‘मामा ऐकायचे नाहीत.’ पथकाने हा प्रश्न स्वतः सोडवला नाही. ज्यांच्या हातून अण्णांनी माळ घेतली होती त्या महाराजांना मुलाने घरी आणले. औषधाने व्रत मोडत नाही, पाणी, दूध, कंदमुळे, फळे यांनीही मोडत नाही, हे परंपरेतलेच जुने वचन आहे. ते डॉक्टरच्या तोंडून ऐकणे आणि आपल्या महाराजांच्या तोंडून ऐकणे यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. महाराजांनी आणखी एक गोष्ट केली, जी कुठल्याही औषधाइतकी मोलाची ठरली. ‘माऊली, निर्जळी तुमच्या देहाला आता झेपत नाही, ती मी तुमच्या वतीने करतो,’ असे ते म्हणाले.

राहिला प्रश्न उपवासाचे काय द्यायचे याचा. इथे घरोघरी चूक होते. भगर गरम असताना पातळ दिसते, गार झाली की घट्ट होते आणि नळी तुंबते. साबुदाणा तर नळीत घालूच नये, त्याचा चिकट गोळा बसला की नळी बदलण्यावाचून गत्यंतर नसते. अण्णांसाठी ठरले ते असे: दूध, राजगिऱ्याच्या पिठाची पातळ खीर, ताक, शहाळ्याचे पाणी आणि शेंगदाण्याचे बारीक कूट दुधात वाटून दोनदा गाळलेले. नेहमीच्या दिवशी ज्वारीच्या पिठाची किंवा नाचणीची पेज, मुगाच्या डाळीचे गाळलेले वरण, वरून एक चमचा तेल. एका वेळी २०० मिली, दर अडीच तासांनी. डोके-छाती ३० ते ४५ अंश उंच, देऊन झाल्यावरही पाऊण तास तसेच. आडवे करून दिले तर अन्न श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४३ च्या आसपास असतो, सकाळची पेज दुपारी आंबते. म्हणून दर वेळी ताजी करायची आणि पाणी वेगळे वाढवायचे.

तुळशीचे तीर्थही नळीतूनच गेले, ५ मिली, गाळून. पत्नीला आधी हे पटेना. अण्णांनीच हात पुढे केला, तीर्थ तळहातावर घेतले, डोळ्यांना लावले आणि मग नळीकडे बोट दाखवले.

माळ

जखम मानेकडे सरकली तेव्हा पट्टीची चिकटपट्टी माळेत अडकू लागली. गळ्यातली माळ काढणे ही माळकऱ्याच्या लेखी साधी गोष्ट नाही, आणि ड्रेसिंग करणाऱ्याने ती कात्रीने कापून ट्रेमध्ये टाकली तर त्या माणसाचा विश्वास पुन्हा मिळत नाही. पुन्हा महाराजांना विचारले. माळ उजव्या मनगटावर दोन वेढे देऊन बांधली, बांधताना नाम घेतले. जपाची १०८ मण्यांची माळ वेगळी, तिच्यावर बोटे फिरत राहत. तोंडातून शब्द फुटत नसला तरी जप होतो, आणि बोटे थांबली की घरच्यांना कळे, झोप लागली किंवा कळ आली.

जखमेची निगा अशी: एक लिटर पाणी उकळून गार करून त्यात दोन सपाट चहाचे चमचे मीठ, त्या पाण्याने धुणे. चिकटलेली पट्टी ओढायची नाही, भिजवून सोडवायची. मेट्रोनिडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी बारीक चुरून जखमेवर भुरभुरायची. वास जंतूंमुळे येतो, तो चार-पाच दिवसांत बराच उतरला. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, साठवलेले पाणी न उकळता वापरणे हा मोठा धोका. माश्यांपासून बचावासाठी दिवसाही मच्छरदाणी, नाहीतर जखमेत अळ्या पडतात. मानेतली रक्तवाहिनी फुटून एकदम रक्त जाण्याची शक्यता होती. ती मुलाला आणि सुनेला स्पष्ट सांगितली, आणि गडद तांबड्या रंगाचे चार मोठे टॉवेल उशाशी ठेवायला लावले. पांढऱ्या कापडावर रक्त असते त्याहून जास्त वाटते, पाहणारे घाबरतात आणि त्यांना पाहून रुग्ण घाबरतो. तो प्रसंग पुढे आला नाही, पण टॉवेल तिथे आहेत एवढ्यानेच मुलगा रात्री झोपू लागला.

तीन वाक्ये जी घात करतात

‘भरवसा ठेवा, बरे व्हाल.’ ‘विठ्ठलाची इच्छा.’ ‘काहीतरी नेम चुकला असेल.’ भेटायला येणारे ही वाक्ये मायेने बोलतात. पहिल्या वाक्यामुळे आजार वाढला की भरवसा कमी पडला असा अर्थ निघतो. दुसऱ्याने रडण्याचा दरवाजा बंद होतो. तिसरे सरळ काळजात जाते. अण्णांनी एका सकाळी लिहिले: ‘माझ्या हातून काय चुकलं?’

अशा प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये. आधी उलट विचारावे: तुम्हाला काय वाटते? त्यांनी बराच वेळ पाटी धरून ठेवली आणि लिहिले, ‘तंबाखू. आणि एक वारी चुकवली.’ मग दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. तंबाखूने हा आजार होतो, हे खरे आहे. तुमच्या पिढीला मागावर रात्रपाळीत ती हातात मिळाली तेव्हा कुणी सांगितले नव्हते, हेही खरे आहे. चुकलेल्या वारीबद्दल डॉक्टर काही बोलू शकत नाही, ते महाराजांना विचारा. महाराज म्हणाले, ‘त्या वर्षी तुम्ही मुलीचं बाळंतपण केलंत, तीच वारी.’

पत्नीच्या मनातला सल कुणाला दिसला नव्हता. ज्या तंबाखूने नवरा चालला, तीच तंबाखू सुपात घेऊन ती रोज विड्या वळत होती, त्याच खोलीत. घराची चूल त्यावरच पेटत होती. तिने तुळजाभवानीला नवस बोलला होता, एकच वेळ जेवायचे. अंगातली ताकद गेली, एकदा मोरीत चक्कर येऊन पडली. तिला ‘विड्या सोडा’ म्हणणे सोपे होते, पण तिचा विडीचा हिशोब बंद झाला असता तर रिक्षाचे पैसेही उरले नसते. काम पुढच्या खोलीत दाराशी हलवले, म्हणजे तंबाखूची धूळ आणि वास अण्णांपासून दूर. नवसाबद्दल तिलाच विचारले: अण्णांना दुपारची पेज देताना तुमचा हात थरथरला तर देवीला आवडेल का? तिने नवस बदलून घेतला. दुपारी जेवायचे आणि जेवायच्या आधी ओटी भरल्याचे मनात म्हणायचे. बदल तिने केला, तिच्या देवीशी बोलून. म्हणूनच तो टिकला.

उद्यासाठी रविवारचे अकरा

मुलाने पहिल्याच दिवशी दाराबाहेर गाठून सांगितले होते, ‘अण्णांना काही सांगू नका, धीर सुटेल.’ अशा वेळी मुलाशी भांडू नये आणि त्याला वचनही देऊ नये. ‘आम्ही खोटे बोलणार नाही, आणि न विचारता सांगणारही नाही,’ एवढेच म्हणावे. मग रुग्णाला विचारावे: आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल? अण्णांना सगळे ठाऊक होते. मुलाला त्रास होईल म्हणून तेही गप्प होते. दोघे एकमेकांना सांभाळत होते आणि दोघे एकटे पडले होते.

ज्येष्ठात त्यांनी सरळ लिहिले: ‘आषाढी दिसेल?’ अंदाज बांधण्याची एक जुनी रीत आहे. तब्येतीतला फरक महिन्यामहिन्याला दिसत असेल तर हातात महिने असतात, आठवड्याला दिसत असेल तर आठवडे, रोज दिसत असेल तर दिवस. अण्णांचा फरक आठवड्याला दिसत होता. उत्तर दिले: आषाढी पाहाल असे वाटते, खात्री देता येत नाही, कार्तिकी धरून चालू नका. त्यांनी हात जोडले. मुलगा तिथेच होता, तो रडला, आणि बाप-लेकांचे बोलणे त्या दिवशी सुरू झाले.

उद्याची काळजी दाबून आज जगता येत नाही, ती रात्री तीनला उठून बसते. म्हणून तिला आठवड्यात एक जागा दिली: रविवारी सकाळी अकरा ते बारा. बँकेतले वारस, घराची कागदपत्रे, रेशनकार्ड, भिशीचे येणे, सगळे त्या तासात. शेवटी व्हेंटिलेटर नको, हे अण्णांचे म्हणणे लेखी केले. सर्वोच्च न्यायालयाने असे पूर्वनिर्देश २०१८ साली मान्य केले आणि २०२३ साली पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. इतर वारी कुणी विषय काढला तर अण्णा पाटीवर ‘रविवार’ लिहून दाखवत. सगळ्यांना हा नियम पाळणे जमले नाही. मुलीचा बार्शीहून फोन आला की ती विचारायचीच. तिचे तेवढे सोडून दिले.

वारी

आषाढीला पंढरपूरला गाडीने नेण्याचा मुलाचा आग्रह होता. दीड-दोन तासांचा प्रवास, पुढे गर्दीत गाडी अडकण्याची शक्यता, वाटेत नळी निसटली तर घालणारा कुणी नाही. अण्णांनीच दुसरे सुचवले. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीच्या आधी सोलापुरातून जाते. तिथे रस्त्याकडेला बसायचे.

तयारी लग्नाच्या वऱ्हाडासारखी झाली. निघण्याआधी तासभर नळीतून पेज नाही, म्हणजे रिक्षाच्या धक्क्याने उलटी होणार नाही. अर्धा तास आधी जादा मात्रा. पट्टी ताजी, वर उपरणे सैलसर. हाताची खुर्ची, शहाळ्याचे पाणी, सिरिंज, दोन जादा गोळ्या, तांबडा टॉवेल, छत्री. मुलाने आदल्या दिवशी सावलीची आणि रिक्षा मागे वळवता येईल अशी जागा पाहून ठेवली. परत फिरण्याची खूण ठरली: अण्णांनी उजवा हात छातीवर ठेवला की निघायचे, ‘आणखी पाच मिनिटं’ नाही. हेही आधी सांगितले की दुसरा दिवस पूर्ण झोपण्यात जाईल आणि हा खर्च त्यांना मान्य आहे का ते ठरवावे. त्यांनी मान डोलावली.

तासाभराचा बेत होता. पालखी समोरून गेल्यावर थोड्याच वेळात हात छातीवर आला. दुसरा दिवस झोपेत गेला. पथकाच्या मते हा सौदा योग्य होता, कारण किंमत आधी सांगितली होती आणि ती देणाऱ्याने स्वतः ठरवली होती. न विचारता नेलेली याच अंतराची फेरी छळ ठरली असती.

आषाढी घरीच झाली. मंदिरातले दर्शन मोबाइलवर, भजनी मंडळातले पाच जण, फक्त टाळ, वीस मिनिटे. चाळीस जण यायला तयार होते. त्यांना अंगणापर्यंत आणि नंतर आलटूनपालटून, असे सुनेने खंबीरपणे सांगितले.

शेवटचे दिवस आणि नंतर

आषाढ वद्य पक्षात फरक रोज दिसू लागला. नळीतून दिलेले पचेना, पोट फुगू लागले, तेव्हा पेज १०० मिलीवर आणि मग केवळ ओठ ओले करण्यावर आणली. ‘उपाशी मारतोय’ असे पत्नीला वाटले. देह बंद होताना भूक लागत नाही आणि जबरदस्तीने दिलेले अन्न फुप्फुसात जाते, हे तिला त्याच संध्याकाळी शांतपणे सांगितले. मॉर्फिन कातडीखाली सुईने सुरू ठेवले, कारण बोलता न येणाऱ्यालाही वेदना असते. हरिपाठ मुलगा म्हणू लागला. त्याला पाठ नव्हता, तो पुस्तकात पाहून म्हणे. चार दिवसांनी अण्णा पहाटे गेले.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, नोंद करून केंद्रात परत घेतल्या, असे औषध घरात राहू देऊ नये. पत्नीला दोन आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी भेट दिली. ती दोन्ही वेळ जेवत होती. झोप उडणे, जगण्यात राम नाही असे वाटणे सतत राहिले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक सुनेच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

दुसऱ्या भेटीत मुलाचे तोंड तपासले. तो मावा खातो, हे साडेचार महिने सगळ्यांना माहीत होते. तोंड उघडल्यावर तीन बोटे उभी मावायला हवीत, त्याची अडीच मावली. डाव्या गालाच्या आत पांढरट चट्टा होता. त्याच आठवड्यात त्याला तोंडाच्या तपासणीला पाठवले आणि तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी, १८००-११२-३५६, त्याने आईच्या समोर बसून लावली.